मालकाची अनामत

पाहुण्यानं नव्हे, मालकानं अनामत ठेवायची, अशा एका लॉजमध्ये मी साडेचार वर्षं मॅनेजर होते. पुढच्या कुठल्याही नोकरीच्या अर्जात मी हे लिहिलेलं नाही. लिहिलं तर समोरच्याच्या भुवया वर जातील, आणि मग मुलाखत माझी न राहता काकांची होऊन बसेल.

काका म्हणजे लॉजचे मालक. माझ्या नात्यातले नव्हेत. बनारसच्या आमच्या मराठी वस्तीत वयानं मोठा तो काका आणि त्याची बायको काकू, एवढं नातं पुरतं. रामघाट आणि बालाजी घाट यांच्या मधल्या एका गल्लीत त्यांचं तीन मजली घर. वरच्या दोन मजल्यांवर सात खोल्या, खाली काउंटर, जेवायची खोली आणि काकूंचं स्वयंपाकघर. गाडी तिथवर येत नाही. पाहुणा एकतर चौकातून ठेल्यावर सामान टाकून मागोमाग चालत येतो, नाहीतर नावेतून उतरून पायऱ्या चढतो. दोन्ही प्रकारांत तो दमलेला असतो, आणि आता आपल्याला कोणीतरी फसवणार या पक्क्या खात्रीनं आलेला असतो. घरून निघतानाच दहा जणांनी त्याला काशीतल्या ठगांच्या गोष्टी सांगितलेल्या असतात.

तर असा पाहुणा काउंटरशी येऊन खिशावर हात ठेवून विचारायचा, डिपॉझिट किती? काका ड्रॉवर उघडायचे आणि एक खाकी लिफाफा त्याच्याच हातात ठेवायचे. आत पाचशेची नोट. वर काकांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असायचं: 'या घरात राहताना काही खटकलं, तर हे पैसे ठेवून घ्यावेत. काही खटकलं नाही, तर निघताना परत द्यावेत.'

पाहुणा गोंधळायचा. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी ती नोट उजेडात धरून तीनदा पाहिली. एका बाईंनी नवऱ्याला कोपऱ्यात नेऊन बजावलं की घेऊ नका, बिलात लावतील. कोणी धीर करून विचारलंच, की अहो, अनामत आम्ही द्यायची ना, तर काकांचं उत्तर ठरलेलं असे.

"तुमची बॅग माझ्या घरात, तुमची मंडळी माझ्या घरात, तुमची झोप माझ्या घरात. माझं तुमच्याजवळ काय आहे? मग अनामत कोणी ठेवायची?"

खोलीचं भाडंही निघतानाच घ्यायचं, आगाऊ एक पैसा नाही. मी कॉमर्स शिकलेली. पहिल्या दिवशी हे सगळं ऐकून मी कपाळाला हात लावला होता आणि घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं होतं, सहा महिन्यांत या लॉजला टाळं लागेल, दुसरीकडे बघायला लागते.

काकांचं घराणं वैदिकांचं. पण ते स्वतः रेल्वेत शिरले आणि तिकीट रद्द करण्याच्या खिडकीमागे त्यांची उमर गेली. आपलेच पैसे परत मागणारा माणूस किती ओशाळा होतो, हे रोज जाळीतून बघून आपल्या मनावर परिणाम झाला, असं ते सांगत. त्यातच एकदा एका लग्नासाठी ते महाराष्ट्रात गेले. मोठ्या हौसेनं गेले. बनारसी मराठी माणसाला तिकडं जायचं म्हणजे माहेरी गेल्यासारखं वाटतं. तिथल्या एका लॉजनं त्यांची दोनशे रुपयांची अनामत कापून घेतली. कारण काय, तर चादरीला विडीनं पडलेलं भोक. काकांनी आयुष्यात विडी ओढलेली नाही. भोक जुनं होतं, त्याच्या कडा धुऊन धुऊन मऊ झालेल्या होत्या, हे त्यांनी बोट लावून दाखवलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, सगळे असंच सांगतात. हे "सगळे असंच सांगतात" काकांना दोनशे रुपयांपेक्षा जास्त लागलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचं लॉज केलं तेव्हा पहिली वस्तू घेतली ती लिफाफ्यांचा गठ्ठा. खाटा नंतर आल्या.

दिसायला काका किरकोळ होते. मार्च संपेपर्यंत अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, दोरीला बांधलेला चष्मा. संध्याकाळी ते साती खोल्यांतून अनवाणी फिरायचे. तळव्याला कण लागला तर ती खोली पुन्हा झाडायची. पहाटेच्या गरम पाण्यात स्वतःचं कोपर बुडवून बघायचे, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला बघतात तसं. पाहुणा घाबरून येतो, तेव्हा आपण त्याच्याहून जास्त घाबरलेलं असावं, हे त्यांचं आवडतं वाक्य. पाहुणा निघायच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालायचे. त्या दिवसाला ते निकाल म्हणत. जिन्याच्या वळणावर फटीची एक पत्र्याची पेटी ठेवलेली होती. पाहुण्यानं जाता जाता लिफाफा तिच्यात टाकायचा, किंवा नाही टाकायचा. ठेवून घेतला तर जमल्यास कारणाची चिठ्ठी टाकायची. कोणाला तोंडावर बोलायची वेळ येऊ नये म्हणून ही सोय. पाहुणा जिना उतरताना काका मुद्दाम पाठ करून बसत, पण कान पेटीकडे लागलेले असत.

या माणसाबरोबर प्रवास करण्याची वेळ एकदाच माझ्यावर आली. लॉजच्या परवान्याच्या कामासाठी काका, काकू आणि मी लखनौला गेलो. हॉटेलच्या काउंटरवरचा टाय लावलेला मॅनेजर म्हणाला, दोन हजार सिक्युरिटी, कार्डवर अडकवून ठेवतो, निघताना सोडतो. काकांनी मान डोलावली, माझं कार्ड पुढं करायला सांगितलं आणि शांतपणे विचारलं, "और आपका?" मॅनेजरला कळेना. काकांनी शुद्ध रेल्वे खात्याच्या हिंदीत त्याला समजावून सांगितलं की व्यवहार दोन्ही बाजूंनी असतो. मागं रांग वाढत होती. काकू बॅगेवर बसून पेंगत होत्या. त्यांना हे सवयीचं असावं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. अर्ध्या तासानं त्या मॅनेजरनं हात टेकले. पॉलिसी नहीं है, पॉलिसी नहीं है म्हणत त्यानं गळ्यातला टाय काढून काकांच्या हातात दिला. काकांनी त्याला रीतसर पावती लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतल्या इस्त्रीनं टाय कडक करून परत केला, पावती मागून घेतली आणि फाडली. तीन महिन्यांनी तोच मॅनेजर बायको आणि सासूसासऱ्यांना घेऊन आमच्याकडे उतरला. काकांनी लिफाफा दिला तेव्हा तो एवढा हसला की सासऱ्यांना काळजी वाटली.

आणि टाळं काही लागलं नाही. लोक लिफाफे परत करत होते, वर आपल्या मामेभावांना, साडूंना, भिशीतल्या बायकांना आमच्याकडे धाडत होते. ठेवून घेतलेले लिफाफे वर्षाला चार-पाच. त्यांच्या चिठ्ठ्या काकांनी जपून ठेवल्या होत्या. सांगलीच्या एका आजोबांचा चष्मा गच्चीवरून माकडानं नेला; माझ्या गच्चीवरचं माकड म्हणजे माझंच, असं म्हणून काकांनी ते मान्य केलं. एका बाईंना दक्षिणेकडे पाय करून झोपावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी साती खोल्यांतल्या खाटा फिरवल्या. कॉलेजच्या एका मुलानं चिठ्ठीत नुसतं लिहिलं होतं, 'पैसे हवे होते.' ही चिठ्ठी काका येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. एवढं खरं कोणी लिहीत नाही, म्हणत.

आता माझ्या पापाकडे येते.

कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीला सगळे घाट दिव्यांनी भरतात आणि बनारसमध्ये झोपायला ओटासुद्धा मिळत नाही. एका वर्षी दोन कुटुंबांनी आमच्याकडेही खोली धरली आणि दुसरीकडेही, आणि आमच्याकडे आलीच नाहीत. सगळं शहर जागा शोधत असताना आमच्या दोन खोल्या रिकाम्या. काकांना त्याचं काही वाटलं नाही, माझा मात्र जीव जळाला. पुढल्या वर्षी मी साती पाहुण्यांकडून फोनवर हजार-हजार रुपये आगाऊ मागवले, माझ्याच खात्यात. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी परत करेन म्हणून सांगितलं, आणि काकांचा स्वभाव जरा हळवा आहे, त्यांच्यापुढे हा विषय काढू नका, अशी पुस्ती जोडली. सगळे आले. सहा जणांचे मी वेळेवर परत केले. सातव्या, तीन नंबरच्या खोलीतल्या, साताऱ्याहून एकट्या आलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांचे गर्दीत राहून गेले. त्या निघून गेल्यावर संध्याकाळी आठवलं तेव्हा घाईघाईनं पाठवले.

तेवढ्यात काकांनी पेटी उघडली. आत सहाच लिफाफे होते. तीन नंबरचा नव्हता, आणि चिठ्ठीही नव्हती.

बाईंनी का ठेवून घेतला ते मला लख्ख दिसत होतं. अनामत नाही म्हणणाऱ्या घरात त्यांच्याकडून चोरून अनामत घेतली गेली होती आणि वेळेवर परतही मिळाली नव्हती. काका म्हणाले, बाईंना फोन लाव, एवढं कारण विचारू. मी म्हटलं, लागत नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उचलत नाहीत. तिसऱ्या दिवसापासून ते मला फोन लावायला सांगेनासे झाले आणि स्वतःच शोधाला लागले.

तीन रात्री ते तीन नंबरमध्ये झोपले. पहिल्या रात्री टाकीचा आवाज येतो असं वाटलं, म्हणून प्लंबर बोलावला. दुसऱ्या रात्री गादीला वास येतो असं वाटलं, म्हणून साती गाद्या गच्चीवर गेल्या. तिसऱ्या रात्री काहीच सापडलं नाही आणि त्यामुळं ते जास्तच खचले. ठेलेवाल्याला विचारून झालं, नावाड्याला झालं, धोब्याला झालं, समोरच्या चहावाल्याला झालं, की बाई काही बोलल्या का. मला तर रोजच विचारत. डिसेंबरचं धुकं पडलं, हंगाम भरात आला, पण तीन नंबरला त्यांनी कुलूप घातलं. कारण कळेपर्यंत ही खोली कोणाला द्यायची नाही, म्हणाले.

आणि मग एका शनिवारी त्यांनी मला सांगितलं की सोमवारी त्या माणसाला बोलावलंय. हा माणूस एका हॉटेल कंपनीचा. घर भाड्यानं घेऊन त्याचं महागडं हॉटेल करायचं म्हणून तो दोनदा येऊन गेला होता आणि दोन्हीदा काकांनी त्याला चुडा-मटर, म्हणजे मटार घातलेले बनारसी पोहे, खाऊ घालून परत पाठवलं होतं. आता मात्र कागद तयार होते. "आपल्या घरात काय चुकतंय हे ज्याला दिसत नाही, त्यानं पाहुणे ठेवू नयेत, बेटा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्याचीच मला भीती वाटली.

माझी नोकरी जाणार होती म्हणून मी बोलले, असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. पण त्या माणसाला स्वतःवरचा भरवसा घालवून बसलेलं बघणं मला सोसवत नव्हतं, हेही तितकंच खरं. भर दुपारी, जेवायच्या खोलीत, मी सगळं सांगून टाकलं: सात हजार रुपये, माझं खातं, हळव्या स्वभावाची पुस्ती आणि न लावलेले फोन. काकू दाराशी बसून मटार सोलत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी विचारलं, "साती जणांनी दिले?"

"हो."

"म्हणजे सात जण घाबरून आले आणि मला कळलं नाही." एवढंच. मग म्हणाले, लाव फोन, आणि आवाज सगळ्यांना ऐकू येऊ दे.

दुसऱ्या घंटेला बाईंनी उचलला. काकांनी माझ्या वतीनं माफी मागितली. पण बाई म्हणाल्या, ते हजार रुपये तर त्याच संध्याकाळी मिळाले, गर्दीत विसरायला होतं, त्या मुलीला म्हणावं मनाला लावून घेऊ नको. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. मग त्यांनी अडखळत विचारलं की मग लिफाफा कशासाठी ठेवलात?

बाई शाळेत बोलतात तशा सावकाश, स्पष्ट बोलल्या.

"तुम्ही मला 'बाई, अजून एक पोळी घ्या' असं किती मऊ आवाजात म्हणायचात. आणि ती पोळी यायला जरा उशीर झाला, की स्वयंपाकघराकडे तोंड करून कसे ओरडायचात? दोन दिवस मला घास गिळवला नाही. खटकलं तर ठेवून घ्या म्हणून तुम्हीच लिहिलंय. पण तो मी नेला नाही हो. ज्यांच्यावर ओरडत होतात, त्यांच्या हातात देऊन आले."

फोन बंद झाला. मी साडेतीन वर्षांतली कितीतरी दुपारची जेवणं आठवत होते. ते ओरडणं मी रोज ऐकलं होतं. पोळी कुठंय, मीठ कुठंय, किती वेळ, कान आहेत का. गल्लीतल्या देवळाच्या घंटेची जशी सवय होते, तशी मला त्याची सवय झाली होती. मी बाईमाणूस असून मला ते खटकलं नव्हतं, याची मला अजून लाज वाटते.

काका काकूंकडे वळले. तीन आठवडे तुला ठाऊक होतं आणि बोलली नाहीस, एवढं त्यांनी कसंबसं विचारलं.

काकूंनी मटारची परात बाजूला सारली. "तुम्ही ठेलेवाल्याला पूछलं, मल्लाहाला पूछलं, धोब्यालासुद्धा पूछलं. मला कुठं पूछलंत?"

मी तिथून उठून काउंटरवर जाऊन बसले. मग आतून काकांचा आवाज आला, इतका हळू की शब्द कळले नाहीत.

सोमवारी तो माणूस आला आणि तिसऱ्यांदा चुडा-मटर खाऊन गेला. "घर दोघांच्या नावावर आहे आणि मी काही सही करणार नव्हते," असं काकूंनी मला नंतर भाजी निवडताना सहज सांगितलं. मला काकांनी शिक्षा केली ती एवढीच, की बाकीच्या सहा जणांना फोन करून खरं काय ते सांगायचं. चौघं हसले, एकानं उलट मलाच समजावलं, आणि एकानं पुढच्या वर्षाची खोली धरली. तीन नंबरचं कुलूप निघालं. काकांचा आवाज मात्र एका दिवसात सुधारला नाही. "अगं" म्हणून वरच्या पट्टीत सुरुवात व्हायची आणि मधेच घसा बसल्यासारखा तो खाली यायचा. पाहुण्यांना वाटायचं, त्यांना सर्दी झालीय.

वर्षभरानं नवऱ्याची बदली झाली आणि मी बनारस सोडलं. गेल्या थंडीत बनारसला आईकडे गेले होते तेव्हा भेटायला गेले. काउंटरवर नवी मुलगी होती, तिनं आत जा म्हणून सांगितलं. काका स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होते. अत्यंत वाईट सोलत होते. निम्मे दाणे फरशीवर. मला बघून त्यांना आनंद झाला, आणि लगेच त्यांनी काकूंविरुद्ध तक्रार सुरू केली. एवढी वर्षं झाली, बेटा, ही तो लिफाफा अजून परत देत नाही. आता खटकण्यासारखं काय आहे, तूच पूछ हिला.

मी विचारलं. काकू तव्यावरची पोळी उलटत म्हणाल्या, "निघताना परत द्यायचा, असं यांनीच लिहिलंय. मी कुठं निघालेय?"